गाडीच्या आतला दिवा लागत नाही? बल्ब बदलण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा

दार उघडलं आणि छतावरचा दिवा लागला नाही, की हात आधी बल्बकडे जातो. नवा बल्ब घालूनही अंधारच राहिला की मग फ्यूज, मग स्विच, अशी अंदाजाने अदलाबदल सुरू होते. त्याची गरज नसते. छतावरच्या दिव्याच्या बटणाला तीन जागा असतात आणि गाडीला चार-पाच दारं असतात. एवढ्यावरच, एकही स्क्रू न काढता, बिघाड कोणत्या टप्प्यात आहे ते बहुतेक वेळा कळतं. त्यासाठी या दिव्याची वीज कोणत्या वाटेने जाते ते आधी समजून घ्यायला हवं.

वीज येते कुठून, जाते कुठे

घरातल्या दिव्याचं बटण येणारी वीज तोडतं. गाडीच्या आतल्या दिव्यात बहुतेक वेळा उलटं असतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून फ्यूजमार्गे आलेल्या वायरमध्ये १२ व्होल्ट कायम हजर असतात, चावी काढून ठेवली तरीही. बटण आणि दाराचे स्विच बसवलेले असतात परतीच्या, म्हणजे निगेटिव्हच्या वाटेवर.

बटण ‘ऑन’वर असलं की बल्बचं दुसरं टोक थेट अर्थिंगच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्याकडे जाणाऱ्या वायरला जोडलं जातं; हा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. ‘डोअर’वर असलं की तेच टोक छताला आधार देणाऱ्या खांबातून खाली उतरणाऱ्या वायरमार्गे दाराच्या स्विचपर्यंत जातं, दार उघडलं की स्विच ती वायर गाडीच्या पत्र्याला जोडतो आणि दिवा लागतो. ‘ऑफ’वर वाट तुटलेली असते. सगळ्या दारांचे स्विच एकमेकांना समांतर जोडलेले असल्यामुळे कुठलंही एक दार पुरतं.

नव्या गाड्यांत यात एक इलेक्ट्रॉनिक मध्यस्थ असतो, बॉडी कंट्रोल मॉड्यूल (पुढे नुसतं ‘मॉड्यूल’). दाराचा स्विच फक्त त्याला ‘दार उघडं आहे’ एवढं कळवतो आणि दिवा लावायचं, हळूहळू मंद करायचं, काही सेकंदांनी बंद करायचं काम मॉड्यूल करतं. दार बंद केल्यावर दिवा हळूहळू विझत असेल, तर गाडीत असं नियंत्रण आहे असं समजा. दार बराच वेळ उघडं राहिलं तर बॅटरी उतरू नये म्हणून मॉड्यूल दिव्याची वीजच तोडतं. दुरुस्ती करताना दार तासभर उघडं असतं आणि मग चांगला दिवाही मेल्यासारखा वाटतो. अशा वेळी चावी एकदा ऑन करून बंद करा आणि मगच निष्कर्ष काढा.

स्क्रू न काढता होणारं निदान

आधी दोन साध्या गोष्टी बघा. आतले सगळे दिवे बंद ठेवणारं मुख्य बटण बऱ्याच गाड्यांत असतं आणि ते चुकून दाबलं जातं. काही गाड्यांत डॅशबोर्डचा प्रकाश कमी-जास्त करणारं चाक पार टोकाला फिरवलं की छताचा दिवा लागून राहतो किंवा साफ बंद होतो. ही दोन्ही तपासून झाली की प्रत्येक दार एकेक करून उघडा आणि दिवा ‘ऑन’ व ‘डोअर’ दोन्हींवर बघा.

आतला एकही दिवा लागत नसेल तर फ्यूजकडे जा, बल्बकडे नाही. सोबत घड्याळ शून्यावर गेलं असेल, रेडिओ जुनी स्टेशनं विसरला असेल किंवा सेंट्रल लॉक बंद पडलं असेल, तर फ्यूज उडाल्याची जवळजवळ खात्रीच, कारण अनेक गाड्यांत हे सगळं एकाच फ्यूजवर असतं.

एकच दिवा दोन्ही जागांवर मेलेला असेल तर बल्ब, त्याचा होल्डर किंवा त्या दिव्यामागचा कनेक्टर. ‘ऑन’वर लागतो पण कुठल्याच दाराने लागत नाही, असं असेल तर बल्ब, फ्यूज आणि येणारी वीज ठीक आहे, दोष बटणाच्या ‘डोअर’ जागेच्या पट्टीत, खाली जाणाऱ्या वायरमध्ये किंवा मॉड्यूलमध्ये. तीन दारांनी लागतो आणि चौथ्याने नाही, तर त्या चौथ्या दाराचा स्विच. इथे छताला हात लावायचं कारणच नाही. दार आपटल्यावर किंवा खड्ड्यातून जाताना लुकलुकत असेल तर सैल होल्डर, गंजलेला स्विच किंवा दाराच्या बिजागरीजवळ तुटत आलेली वायर.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टीमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, प्लास्टिकची पट्टी (क्लिपा उचकटायला), योग्य रेटिंगचे दोन-तीन जादा फ्यूज, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, ६०० ते १००० नंबरचा पॉलिश पेपर आणि दोन्ही टोकांना चिमटे असलेली, मधे ५ अँपिअरचा फ्यूज बसवलेली जंपर वायर. ही वायर घरी बनवता येते. चुकून शॉर्ट झाला तर गाडीच्या वायरिंगऐवजी तिचा फ्यूज जातो.

टेस्ट लॅम्पबद्दल एक खबरदारी. साध्या बल्बचा टेस्ट लॅम्प फ्यूज आणि जाड वायरींसाठी उत्तम, पण मॉड्यूलकडे जाणाऱ्या बारीक सिग्नल वायरींना तो लावू नका. त्यातून वाहणारा प्रवाह मॉड्यूलचं आतलं सर्किट जाळू शकतो. तिथे फक्त मीटर.

पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असतात. त्यांना मीटर लावायचा नाही, ते ओढायचे नाहीत. पडदा-एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असलेल्या गाडीत खांबांची आणि छताच्या कडेची ट्रिम, म्हणजे आतलं आवरण, काढायची वेळ आली, तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं व्होल्टेजही मोजा. इंजिन काही तास बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली; १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. १२ च्या खाली असेल तर मंद दिव्याचं कारण तिथेच सापडलं, आणि काही मॉड्यूल अशा बॅटरीवर आतले दिवे लावायलाच नकार देतात.

फ्यूज

फ्यूज बॉक्स साधारणतः स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या कडेला किंवा बॉनेटखाली असतो. झाकणाच्या आतल्या नकाशात ‘रूम’, ‘डोम’ किंवा ‘इंटिरिअर लॅम्प’ शोधा. फ्यूज ओढून डोळ्यांनी बघणं पुरेसं नाही, केसाएवढी चीर दिसत नाही. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. टेस्ट लॅम्पचा चिमटा पत्र्याला लावून टोक दोन्ही ठिपक्यांना लावा. दोन्हीकडे उजेड आला तर फ्यूज चांगला. एकीकडेच आला तर उडालेला. दोन्हीकडे आला नाही तर फ्यूजपर्यंत वीजच पोचत नाही, मग बॉनेटखालचा मोठा फ्यूज बघायचा.

नवा फ्यूज त्याच अँपिअरचा हवा. रंग ठरलेले असतात: ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा. लाल जागी पिवळा बसवला तर शॉर्टच्या वेळी फ्यूजऐवजी छतातली वायर तापते, आणि ती वायर फोम आणि कापडाला चिकटून गेलेली असते.

बल्ब आणि होल्डर

दिवा बराच वेळ लागलेला असेल तर आधी गार होऊ द्या. दिव्यावरच्या झाकणाच्या काचेच्या कडेला बहुतेक वेळा एक बारीक खाच असते, तिथे प्लास्टिकची पट्टी घालून हळू उचला. खाच दिसत नसेल तर जोर करण्याआधी दुसरी बाजू बघा. काही काचा एका बाजूला आकड्याने अडकवलेल्या असतात आणि तीच बाजू ओढली की आकडा तुटतो.

आतला बल्ब दोनांपैकी एक असतो. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला लांबट बल्ब दोन स्प्रिंग पट्ट्यांमध्ये बसतो. त्याची लांबी ३१, ३६, ३९ किंवा ४१ मिलिमीटर असू शकते आणि ती मोजूनच नवा घ्यावा. दुसरा बिनटोपीचा, काचेच्या चपट्या बुडाचा, टी १० म्हणून ओळखला जाणारा. तो सरळ बाहेर ओढायचा. दोन्ही प्रकारांत ५ वॉटचा बल्ब सर्वाधिक आढळतो, लांबट बल्बमध्ये १० वॉटही येतो. जास्त उजेडासाठी ५ च्या जागी १० वॉटचा बल्ब बसवू नका. बंदिस्त जागेत तो काच पिवळी पाडतो आणि होल्डर वितळवतो.

बल्बची तार शाबूत दिसली तरी मीटर ओहमवर ठेवून मोजा. चांगला गार बल्ब काही ओहम दाखवतो, तुटलेला अनंत.

बल्ब चांगला निघाला तर पट्ट्यांकडे नीट बघा, कारण ‘नवा बल्ब घातला तरी लागत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा त्याच असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने स्प्रिंगचा ताण जातो, बल्ब बसलेला दिसतो पण एका टोकाला नीट टेकत नाही. पट्टीवर काळा किंवा हिरवट थर चढलेला असतो. फ्यूज काढून ठेवा, पॉलिश पेपरने पट्ट्यांची आतली बाजू धातू चमकेपर्यंत घासा, क्लीनर मारा आणि दोन्ही पट्ट्या आतल्या बाजूला मिलिमीटरभर वाकवा. बल्ब बसताना किंचित विरोध जाणवला पाहिजे. फ्यूज काढायचा आळस केला आणि पक्कड पत्र्याला टेकली, तर तो फ्यूज उडणारच.

हिरवा थर दिसला तर पाणी कुठून येतंय ते शोधा. सनरूफ असलेल्या गाडीत त्याच्या कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी छतातून दिव्याच्या कनेक्टरवर उतरतं. नळ्या मोकळ्या केल्या नाहीत तर घासलेली पट्टी काही महिन्यांत पुन्हा हिरवी होईल.

मीटरची तीन मापं

बल्ब, होल्डर ठीक असूनही अंधार असेल तर दिवा छतातून खाली काढा (साधारणतः दोन स्क्रू किंवा क्लिपा) आणि मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळा प्रोब (मीटरच्या वायरीचं टोकदार टोक) पत्र्याला लावायला सीटचा बोल्ट किंवा दाराची कडी अडकते तो खांबावरचा आकडा चांगला. रंग लावलेल्या पत्र्यावर माप येत नाही.

पहिलं माप: लाल प्रोब पुरवठ्याच्या टोकाला, काळा पत्र्याला. बॅटरीएवढंच व्होल्टेज यायला हवं, फार तर ०.३ व्होल्ट कमी. काहीच आलं नाही तर फ्यूजपासून छतापर्यंतची वायर तुटलेली आहे किंवा मॉड्यूलने वीज तोडलेली आहे.

दुसरं माप: लाल तिथेच, काळा आता पत्र्याऐवजी दिव्याच्या अर्थिंगच्या टोकाला. पहिलं माप बरोबर आणि हे शून्य, तर अर्थिंगची वायर तुटलेली आहे.

तिसरं माप बहुतेक जण घेतच नाहीत. बल्ब बसवून, बटण ‘ऑन’वर ठेवून, लाल प्रोब अर्थिंगच्या टोकाला आणि काळा पत्र्याला लावा. ०.१ व्होल्टपेक्षा कमी आलं तर अर्थिंग निरोगी. १, २, ५ व्होल्ट आले तर तेवढं व्होल्टेज गंजलेल्या जोडावर वाया जातंय आणि दिवा मंद आहे तो त्यामुळेच. हे माप बल्ब जोडलेला असतानाच घ्यायचं, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. दहा धाग्यांच्या वायरीत एकच धागा उरला असेल तरी बल्बशिवाय मीटर साडेबारा व्होल्ट दाखवतो, बल्ब जोडला की ते कोसळतं. इथेच ‘व्होल्टेज तर येतंय’ म्हणत लोक चांगले भाग बदलत बसतात.

दाराचा स्विच

जुन्या धाटणीचा स्विच दाराच्या चौकटीत, रबरी टोपीखाली दिसतो. दार बंद झालं की त्याची पिन आत दाबली जाते. त्याचं अर्थिंग अनेकदा ज्या स्क्रूने तो बसवलाय त्या स्क्रूतूनच मिळतं. म्हणून स्विच ठणठणीत असूनही स्क्रूखाली गंज चढला की दिवा लागत नाही. दार उघडून, स्क्रू काढून, स्विच बाहेर घ्या. वायर चौकटीत परत आत घसरते आणि मग मासेमारी करावी लागते, म्हणून कनेक्टर काढण्याआधी तिला चिकटपट्टीने बाहेर अडकवून ठेवा.

स्विचला एकच वायर असेल तर दिव्याचं बटण ‘डोअर’वर ठेवा, बाकीची दारं बंद करा आणि ती वायर जंपरने पत्र्याला जोडा. दिवा लागला तर वायर चांगली, दोष स्विचचा किंवा त्याच्या स्क्रूचा. नाही लागला तर वायर वर कुठेतरी तुटलेली. स्विचला दोन वायरी असतील तर त्यातली एकही पत्र्याला लावू नका, त्यात एक थेट पॉझिटिव्ह असू शकते. त्या दोघी एकमेकींना जोडून बघा. स्विच स्वतः मीटरच्या कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असली की बीप देणारी जागा) तपासा: पिन मोकळी असताना बीप, दाबली की शांत. पिन अडकत असेल तर क्लीनरने धुऊन पाच-सहा वेळा आतबाहेर करा. स्क्रूखालचा पत्रा घासून, बसवल्यावर वरून थोडं ग्रीस लावा.

नव्या गाड्यांत हा स्विच दाराच्या कुलपाच्या आत, लॅचमध्ये असतो. तो तपासायची सोपी युक्ती आहे. दार उघडं ठेवून लॅचची जीभ स्क्रू ड्रायव्हरने दोन टिकटिक होईपर्यंत आत फिरवा. गाडीला दार बंद झाल्यासारखं वाटून डॅशबोर्डवरची दाराची खूण गेली पाहिजे आणि दिवा विझत गेला पाहिजे. नंतर हँडल ओढून जीभ परत मोकळी करायला विसरू नका. तशीच ठेवून दार लोटलं तर ते खांबावरच्या आकड्यावर आपटतं आणि लॅच वाकते. खूण गेलीच नाही तर लॅच साफ करून ताजं पांढरं ग्रीस मारून बघा. सुकलेल्या ग्रीसने अडकलेला आतला काटा अनेकदा एवढ्याने मोकळा होतो. तरीही फरक नसेल तर पूर्ण लॅचच बदलावी लागते, कारण बऱ्याच गाड्यांत तो स्विच सुटा मिळत नाही.

डिकीच्या दाराने दिवा लागत नसेल तर छताच्या कडेला, बिजागरीजवळ वायरी ज्या रबरी नळीतून जातात ती सोलून बघा. दर उघडझापीला त्या वायरी वाकतात, आवरण तडकतं आणि तांबं तुटतं. तुटलेल्या टोकांना नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. थोडी लांब, मऊ धाग्यांची वायर मधे घालून सोल्डर करा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि जोड नळीच्या वाकणाऱ्या भागाबाहेर ठेवा. वाकणाऱ्या भागात ताठ सोल्डर पुन्हा तुटतं.

दिवा विझतच नाही

याकडे दुर्लक्ष करू नका. १० वॉटचा दिवा साधारण ०.८ अँपिअर ओढतो, चोवीस तासांत जवळपास २० अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासाची बॅटरी दोन दिवसांत संपली. दोष सापडेपर्यंत बटण ‘ऑफ’वर ठेवा.

चौकटीतले स्विच असतील तर बटण ‘डोअर’वर ठेवा आणि तपासायचं तेवढंच दार उघडं, बाकीची बंद ठेवून एकेक कनेक्टर काढा. ज्याचा काढल्यावर दिवा विझला तो स्विच दोषी. एकही काढून फरक पडला नाही तर खाली जाणारी वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे. पिन नीट दाबली जात नसेल तर रबरी टोपी झिजली आहे का, दार किंचित लोंबलंय का तेही बघा.

डॅशबोर्डच्या कप्प्यातला (ग्लोव्ह बॉक्स) आणि डिकीतला दिवा आणखी फसवे, कारण झाकण बंद असताना ते दिसत नाहीत. मोबाइलचा कॅमेरा व्हिडिओवर सुरू करून आत ठेवा, झाकण बंद करा, दहा सेकंदांनी उघडून बघा. शेवटपर्यंत उजेड दिसला तर चोर सापडला.

फ्यूज पुन्हापुन्हा उडतो

फ्यूज बदलत बसण्याऐवजी फ्यूजच्या जागी दोन वायरींनी २१ वॉटचा बल्ब जोडा. वायरिंगमध्ये शॉर्ट असेल तर तो पूर्ण तेजाने पेटतो, पण प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे निवांत शोधता येतं. आता एकेक दिवा आणि उपकरण सोडवत जा; ज्याच्यापाशी बल्ब एकदम मंदावला तिथे शॉर्ट. सन व्हायझरच्या आरशाच्या दिव्याची वायर, डिकीची रबरी नळी आणि नंतर जोडून घेतलेला डॅशकॅम हे पहिले संशयित.

एलईडी बसवल्यावरचे घोळ

एलईडीला उलटसुलट असतं. लागला नाही तर फेकण्याआधी फिरवून बसवा. दार बंद असतानाही मंद उजेड राहत असेल तर वायरिंग बिघडलेलं नसतं. मॉड्यूल तपासणीसाठी सोडतं तो काही मिलिअँपिअरचा प्रवाह साध्या बल्बला जाणवत नाही, एलईडीला पुरतो. त्याच सर्किटवर एक साधा ५ वॉटचा बल्ब ठेवला की उजेड जातो. त्या बल्बऐवजी रेझिस्टर (तो प्रवाह वळवून घेणारा भाग) लावायचा असेल तर तो चांगला तापतो, म्हणून प्लास्टिक आणि कापडापासून दूर, धातूवर बसवा. विझताना होणारी लुकलुक मॉड्यूलच्या मंद करण्याच्या पद्धतीमुळे असते, ती दोष नाही. कंपनीतूनच आलेला बंद एलईडी दिवा असेल तर त्यात बल्ब नसतो, पूर्ण दिवाच बदलतात.

डॅशबोर्डच्या बटणांमागचे दिवे वेगळ्या सर्किटवर असतात. ते सगळे एकदम गेले तर मागचे पार्किंग लाइट बघा. अनेक गाड्यांत फ्यूज एकच असतो, आणि तसं असेल तर रात्री मागून गाडी दिसत नाही. ही दुरुस्ती उद्यावर टाकू नका.

मॉड्यूलवर संशय कधी

पुरवठा, अर्थिंग, बल्ब आणि सगळे स्विच मोजून झाल्यावरच. मॉड्यूलकडे दार उघडल्याची खबर पोचते का, हे स्कॅनरच्या (मॉड्यूलमधली माहिती वाचणाऱ्या उपकरणाच्या) लाइव्ह डेटात दिसतं. खबर पोचते पण दिव्याच्या वायरवर आदेश येत नाही, तरच मॉड्यूल दोषी. तेही बदलण्याआधी त्याच्या कनेक्टरमध्ये ओल आहे का ते बघा. नवं मॉड्यूल बहुतेक गाड्यांत त्या गाडीसाठी प्रोग्रॅम करावं लागतं, त्यामुळे हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे सोपवा.

काम संपल्यावर दारं बंद करा, गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा, म्हणजे मॉड्यूल झोपी जातात. मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह वाटेत जोडून विश्रांतीतला प्रवाह मोजायचा असेल तर सुरुवात १० अँपिअरच्या खाचेत करा आणि मीटर जोडलेला असताना दार उघडू नका किंवा इंजिन सुरू करू नका. बहुतेक गाड्यांत ५० मिलिअँपिअरच्या खाली माप आलं की ठीक. ४०० च्या आसपास अडकलं असेल तर कुठेतरी ५ वॉटचा एक दिवा अजून जळतोय.